फारकतीचा कागद

परवा एक भाऊ बहिणीला घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेला शंभराचा स्टॅम्प पेपर काढून त्याने टेबलावर तळहाताने सरळ केला. नोटरीचा लाल गोल शिक्का, खाली पंचांच्या सह्या, एक अंगठा. 'मॅडम, फारकत झालीय. हिचं दुसरीकडं जमतंय. एवढ्यावर चालेल ना?'

नाही चालत. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट देतं ते कोर्ट. नोटरीचं काम सही कुणाची एवढं पाहण्याचं. काही समाजांत काडीमोडाची जुनी रूढी आहे, तिला कलम 29 ने जागा ठेवलीय खरी. पण ती रूढी पुराव्यानिशी शाबीत करावी लागते आणि तिथे बहुतेकांची दमछाक होते. या कागदावर दुसरं लग्न लावलं, तर ते मुळातच रद्दबातल, शिवाय सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा. तेव्हा पंच गावाला गेलेले असतात.

'मग सहा महिने थांबायचं?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. दोघांची संमती असली तरी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, मग सहा महिने. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अमरदीप सिंग खटल्यात हे सहा महिने माफ करता येतात असं सांगितलं. लोकांनी त्यातलं 'माफ' तेवढं ऐकलं. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, पोटगी-मुलांचं आधी मिटलेलं लागतं, आणि शेवटी मर्जी न्यायाधीशांची.

वेगळं राहणं म्हणजे वेगळं घरच, असंही नाही. दोन खोल्यांत दोन गॅस मांडून राहिलेली जोडपी मी पाहिली आहेत. नवरा-बायको म्हणून नांदत नसणं महत्त्वाचं. आणि हुकूम होईपर्यंत कुणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो. म्हणून ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच तारखेला हातात देऊ नका, हे मी प्रत्येक पक्षकाराला सांगते. निम्मे ऐकत नाहीत.

बहीण एवढा वेळ गप्प होती. मी कागद तिच्याकडे सरकवला. 'यात तुझी सही कुठली गं?'

तिने भावाकडे पाहिलं. 'माझी नाही घेतली. दादानंच केली.'

— वकीलबाई