'तू फक्त सांग' म्हणणाऱ्यांची पंगत

मराठीतलं सगळ्यात आळशी वाक्य कोणतं, असं मला कोणी विचारलं तर उत्तर तयार आहे. "तू फक्त सांग गं, काय आणायचं ते!"

ऐकायला किती गोड! माणूस मदतीला एका पायावर उभा आहे असं वाटतं. पण नीट बघा. किती माणसं येणार, कोण काय खात नाही, किती तांदूळ लागेल, गॅस पुरेल का, पाऊस आला तर काय, हा सगळा विचार तुझा. मी आपला दुकानातून दह्याचा डबा उचलणार आणि वर पुण्यही कमावणार. काम म्हणजे फक्त हात हलवणं असं ज्यांना वाटतं, त्यांचं हे वाक्य आहे. डोकं चालवणं हे त्यांच्या हिशोबात कामच नाही.

आज हा विषय काढायचं कारण म्हणजे ऑशकॉश. पुण्याच्या माझ्या आत्याला अजून ते लहान मुलांच्या कपड्यांचं नाव वाटतं. (आत्या, त्या कपड्यांचं मूळ गाव हेच. पण आम्ही तिथे झबली आणायला जात नाही.) अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं हे गाव. दरवर्षी जुलैच्या शेवटाकडे आठवडाभर तिथे विमानवेड्यांची जत्रा भरते. पॉल पोबेरेझ्नी या गृहस्थांनी १९५३ साली मिलवॉकीत घरी विमानं बांधणाऱ्यांची एक संघटना काढली, 'ईएए' म्हणून. त्यांचा मेळावा आधी मिलवॉकीत, मग इलिनॉयच्या रॉकफर्डला आणि १९७० पासून ऑशकॉशला भरतो. २०२० साली कोविडमुळे झाला नाही, तेवढं एक वर्ष सोडलं तर खंड नाही. आठवडाभरात दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात, आणि २०२३ साली माणसांचा आकडा पावणेसात लाखांच्या पुढे गेला होता.

यातले हजारो लोक तिथेच राहतात. विमान घेऊन येणारे विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकतात, गाडीने येणारे 'कॅम्प शॉलर' नावाच्या अफाट मैदानात. आम्ही गाडीवाले. शिकागोच्या आसपासची पाच-सहा मराठी घरं, कधी कोणाचे भारतातून आलेले आईवडील, मुलं, मुलांचे मित्र... धरा चोवीस डोकी. आणि चोवीस मराठी डोकी एका मैदानात आली की एक ठराव आपोआप पास होतो: "एक दिवस सगळे मिळून जेवू या!"

या ठरावाला माझा विरोध नाही. उलट जोरदार पाठिंबा आहे. माझं भांडण आहे ते 'सगळे मिळून' या दोन शब्दांशी. कारण सगळे मिळून होतं ते फक्त जेवण. स्वयंपाक दोघी-तिघींचाच असतो. बाकीचे विमानं बघत असतात.

मावशीचं सांगते. २०१७ साली ऑशकॉशला 'फिफी' आणि 'डॉक' अशी दोन बी-२९ विमानं आली होती. दुसऱ्या महायुद्धातली ही बॉम्बर विमानं. जगात आज उडू शकतील अशी ही दोनच उरली आहेत, आणि त्या वर्षी ती एकत्र उडाली. प्रत्येकी चार इंजिनं, म्हणजे एकाच वेळी आठ. माझी मावशी भारतातून त्या आठवड्यासाठीच रजा जोडून आली होती. लहानपणी लोहगावच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभी राहून विमानं बघणारी ही बाई. आणि ती दोन विमानं डोक्यावरून गेली तेव्हा मावशी कुठे होती? आमच्या ताडपत्रीखाली, संध्याकाळच्या पोळ्या लाटत. संध्याकाळी सगळे फोटो दाखवायला लागले तेव्हा ती हसून म्हणाली, "मी आवाज ऐकला गं."

कोणी तिला जबरदस्ती केली नव्हती. कोणी "तुम्ही लाटा" असंही म्हटलं नव्हतं. पोळ्या हव्यात असं सगळ्यांनी म्हटलं होतं आणि त्या कोण करणार हे कोणीच विचारलं नव्हतं, एवढंच. आपल्याकडे अन्याय असाच होतो, कोणाचाही आवाज न चढता. हे बायकांच्याच वाट्याला येतं असंही नाही. आमच्यातले एक काका सलग तीन वर्षं निखाऱ्यापाशी कणसं भाजत उभे आहेत. पण पहिला बळी कोण जाणार हे आपल्याला न सांगता कळतं, हो ना?

"मग बाहेरून मागवू या ना!" हे दुसरं लाडकं उत्तर. पैसे टाकले की प्रश्न मिटला असं मानणारा एक मोठा वर्ग आपल्यात आहे. (मामा, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे :-)) आता जरा हिशोब करू. चोवीस माणसांचं पनीर-छोले-पुलाव ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये भरून गाडीने येणार. मेळाव्याच्या आठवड्यात त्या रस्त्यांवर गाड्यांची रांग असते. शिजवलेलं अन्न एक तर साठ अंश सेल्सिअसच्या वर गरम हवं, नाहीतर चार अंशांच्या खाली गार. मधल्या तापमानात ते दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एकच तास, असा अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेचा साधा नियम आहे. जुलैच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पनीरला हा नियम वाचून दाखवा. चोवीस माणसांना पोटदुखी आणि तंबूपासून दूर असलेली संडासाची रांग, यापुढे मी लिहीत नाही.

पण समजा अन्न अगदी उत्तम आलं, तरी माझा विरोध कायम. कारण ट्रे उघडले की लोक ताट भरतात, आपापल्या खुर्चीत जातात आणि आपल्याच घरातल्यांशी बोलतात. वाट बघताना, कांदा चिरताना, "अरे मीठ कुठाय" म्हणून ओरडताना ज्या ओळखी होतात त्या ट्रेमधून येत नाहीत. दोन तंबू सोडून राहणारे आजोबा गेली कित्येक वर्षं येतात, हे आम्हाला कळलं ते ते आमच्याकडे काडेपेटी मागायला आले म्हणून. ट्रे मागवले त्या वर्षी शेजारच्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. का पाहावं? आमच्याकडे चूलच नव्हती.

आणि अमेरिकन लोक हे सगळं फार छान करतात असा गोड गैरसमज नको. 'ज्याने त्याने काहीतरी आणावं' या त्यांच्या पद्धतीत मी सात पाकिटं चिप्स, चार केक आणि शून्य जेवण पाहिलेलं आहे. 'काहीतरी आणा' हा 'तू फक्त सांग'चाच गोरा भाऊ.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हे सगळे विमानवेडे लोक! यांना दुसऱ्या कोणी शिस्त शिकवायची गरजच नाही. ऑशकॉशला विमान कसं उतरवायचं याची तीसेक पानांची सूचना-पुस्तिका निघते. लहान विमानांनी रिपन गावापासून फिस्क गावापर्यंत रेल्वेच्या रुळांवरून एकामागे एक यायचं, १८०० फुटांवर, ९० नॉट वेगाने, पुढच्यापासून अर्धा मैल अंतर ठेवून. फिस्कला जमिनीवर बसलेले कंट्रोलर दुर्बिणीतून विमान बघतात आणि रेडिओवरून त्याच्या रंगाने त्याला हाक मारतात. वैमानिकाने उलट बोलायचं नाही, ऐकू आलं एवढं कळायला फक्त पंख हलवायचे. मग धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात. तुझा ठिपका हा, त्याचा तो. म्हणून एकाच धावपट्टीवर एकामागोमाग विमानं उतरू शकतात आणि कोणी कोणावर आदळत नाही.

आमच्या गटातल्या प्रत्येकाला हे तोंडपाठ आहे. शेकोटीभोवती बसून तासभर कौतुक करतील. चेकलिस्ट वाचल्याशिवाय इंजिन सुरू करू नये यावर व्याख्यान देतील. आणि चोवीस माणसांच्या जेवणाचा विषय निघाला की हेच लोक म्हणणार, "होईल गं, बघू तिकडे गेल्यावर!" अरे, विमानाला ठिपका लागतो आणि खिचडीला लागत नाही?

तेव्हा यंदाचा माझा जाहीरनामा खालीलप्रमाणे. पटला तर या, नाही पटला तर स्टॉलवरचं सॉसेज खा (विस्कॉन्सिनचं चांगलं असतं म्हणतात).

एक. जेवण मंगळवारी, दुपारचा एअर शो संपल्यावर. रात्रीचा शो बुधवारी आणि शनिवारी असतो. त्या दोन्ही संध्याकाळी कोणीही पातेल्याला हात लावायचा नाही. ब्रेड-जॅम खा, उपास करा, पण आकाशाकडे बघा.

दोन. पोळ्या बंद. पूर्ण बंद. ज्याला पोळी हवी त्याने लाटणं घेऊन यावं. मुगाची खिचडी होणार: चोवीस जणांना दीड किलो तांदूळ, पाऊण किलो मुगाची डाळ, दोन मोठ्या पातेल्यांत. डाळ-तांदूळ तासभर आधी भिजवायचे, कारण कॅम्पच्या स्टोव्हवर, वाऱ्यात, नुसतं पाणी उकळायलाच अर्धा तास जातो. सोबत निखाऱ्यावरची कणसं (त्या दिवसांत तिथला मका अगदी कोवळा मिळतो), काकडीची कोशिंबीर, लोणचं, पापड. बर्फाच्या पेटीत ताक. संपला मेनू. "अजून एखादी भाजी..." असं म्हणणाऱ्याला ती भाजी बहाल करण्यात येईल.

तीन. वर्गणी सगळ्यांना सारखी, आणि ती कामाच्या बदल्यात चालणार नाही. गणपतीची वर्गणी दिली म्हणून आरतीला टाळ वाजवायचा नाही असं असतं का?

चार. प्रत्येकाला एक ठिपका. पाणी भरणारे दोघे, स्टोव्हवाले दोघे, चिरणारे चौघे, कणसं सोलायला सगळी मुलं, टेबल आणि दिवे एकाकडे, कचरा एकाकडे. आणि सगळ्यात आधी भरायची जागा म्हणजे भांडी! भांड्यांची नावं ठरल्याशिवाय तांदूळ भिजणार नाही. ज्यांनी गेल्या वर्षी शिजवलं त्यांनी यंदा स्वयंपाकाच्या ठिकाणी दिसायचंसुद्धा नाही. काका, कणसांपासून लांब!

पाच. खुर्ची, ताट, वाटी, चमचा ज्याचं त्याने आणायचं आणि ज्याचं त्याने धुवायचं.

सहा. पाऊस. २०१० साली इतका पाऊस पडला होता की लोक त्या वर्षाला अजून 'स्प्लॉशकॉश' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत चिखलकॉश. ढग दिसले की दहा मिनिटांत सगळा पसारा गाडीत जायला हवा. आणि कितीही भिजलात तरी पेटता स्टोव्ह किंवा निखारे तंबूत न्यायचे नाहीत. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. इथे मात्र मी थट्टा करत नाहीये.

सात. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. "तू फक्त सांग" या वाक्यावर बंदी. त्याऐवजी म्हणायचं, "मी पाणी आणि भांडी बघतो." बस. मी वर्णन वाचेन, तुम्ही पंख हलवा.

आता कोणीतरी म्हणेलच, "अगं सुट्टीवर येतो आम्ही, तिथेही याद्या काय करायच्या?" बरोबर आहे. सुट्टीवरच येता. पण सुट्टी सगळ्यांची असते. तुमची सुट्टी यादीवाचून होते तेव्हा ती यादी दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यात असते आणि तिची सुट्टी तिथेच संपते. चोवीस जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर तासभर काम येतं. दोघींवर टाकलं की दोन दिवस जातात. हे गणित करायला इंजिनियर लागत नाही, आणि आमच्यात तर अकरा आहेत.

उरलेले ठिपके मी आजच सगळ्यांना पाठवतेय. भांड्यांच्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. मामा?