ऐकणाऱ्या यंत्राने बोललेही पाहिजे

डिजिटल सेवांचा वापर करता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला. या निर्णयाची खरी कसोटी दिल्लीत नव्हे, तर बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील कचेरीच्या टेबलावर लागणार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील किमान चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या. त्यांतील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींचा आहे. परंतु जागा मिळाली म्हणजे काम करता आले असे नव्हे. टेबलावरचा संगणक त्या कर्मचाऱ्याशी बोलतच नसेल, तर राखीव खुर्ची ही केवळ बसण्याची सोय ठरते.

बोललेले शब्द टिपून घेणाऱ्या आज्ञावलींमुळे हा प्रश्न सुटला, असा एक समज आहे. गूगलने २०१७ साली मराठीसाठी ही सोय खुली केली. वरकरणी अंध माणसाला याहून उपयुक्त साधन नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. बोलणारा माणूस पडद्याकडे पाहत आहे आणि चूक दिसताच ती दुरुस्त करील, असे ही साधने रचणाऱ्यांनी बहुधा गृहीतच धरलेले असते. ज्याला पडदा दिसत नाही, त्याला यंत्राने काय ऐकले हे कोणी सांगावे?

ते सांगण्याचे काम स्क्रीन रीडर ही दुसरी आज्ञावली करते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेली एनव्हीडीए ही अशीच आज्ञावली आहे. ती विनामूल्य असून मराठीही वाचते. अडचण आहे ती या दोन आज्ञावलींचा मेळ बसण्याची. एक ऐकत असताना दुसरी बोलू लागली, तर तिचाच आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून मजकुरात उतरू शकतो. मायक्रोफोन सुरू करण्याच्या बटनाला नाव दिलेले नसेल, तर स्क्रीन रीडर नुसते 'बटन' एवढेच म्हणतो. ते कशाचे, हे कळत नाही.

मराठीत आणखी एक पेच आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. कानाला हे शब्द जवळजवळ सारखेच. यंत्राने एकाऐवजी दुसरा लिहिला आणि तोच वाचून दाखवला, तरी चूक ध्यानात येत नाही. वेलांटी पहिली की दुसरी, हे अक्षरागणिक सांगितले तरच शुद्धलेखन तपासता येते. त्यात बोलीची भर पडते. वऱ्हाडीत 'मला'चे 'मले' होते आणि 'डोळा'चा 'डोया'. ज्या यंत्राला केवळ प्रमाण मराठीचे नमुने ऐकवले गेले, ते येथे अडखळणारच. डोळस कारकून ती चूक पाहून पुसतो. अंध कारकुनाचे पत्र तसेच पुढे जाते आणि दोष यंत्राचा असूनही ठपका त्याच्या पात्रतेवर येतो. हा अन्याय दिसत नाही, म्हणूनच तो अधिक गंभीर आहे.

कळफलक न पाहता टंकन करणारे अंध कर्मचारी आहेतच, मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्यांचे कौशल्य वादातीत आहे आणि कळफलकाची वाट त्यांच्यासाठी खुलीच राहिली पाहिजे. परंतु चाळिशी-पन्नाशीत दृष्टी गमावलेल्या शिक्षकाने, किंवा ज्याचे हातही चालत नाहीत अशा विद्यार्थ्याने काय करावे? २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या देशात सुमारे ५० लाख होती. हा समूह उपेक्षा करण्याइतका लहान नाही.

उपाय अवाक्याबाहेरचे नाहीत. श्रुतलेखनाच्या आज्ञावलीने लिहिलेले वाक्य आपण होऊन वाचून दाखवावे, शब्दाची फोड सांगावी आणि दुरुस्ती आवाजाने तसेच कळफलकानेही करू द्यावी. मराठीचे नमुने गोळा करताना खामगाव-मेहकरचे आवाजही घ्यावेत. कचेऱ्यांनी जुन्या फाँटमधील टंकन सोडून सर्व पत्रव्यवहार युनिकोडमध्ये करावा; कारण जुन्या फाँटमधील पत्र स्क्रीन रीडरला निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो, आणि आलेले पत्रच वाचता येत नसेल तर उत्तर कशाचे सांगणार? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शासनाने कोणतीही आज्ञावली विकत घेण्यापूर्वी ती अंध कर्मचाऱ्याच्या हाती देऊन पारखावी. त्याने 'हिच्यावर मी एकट्याने काम करू शकतो' असे सांगितल्याखेरीज देयक मंजूर होऊ नये.

कायदा झाला, न्यायालयाचा निर्णयही आला. आता शेजाऱ्याला हाक न मारता स्वतःचे पत्र स्वतः लिहून, स्वतः तपासून सही करता येणे, एवढीच या कर्मचाऱ्याची मागणी उरते. ती दयेची नव्हे, हक्काची आहे.