चौथं वर्ष आपणच का सोडायचं?



बी.ए.चं तिसरं वर्ष संपत आलं की आपल्या वस्तीत एकच प्रश्न असतो : नोकरी बघणार की स्पर्धा परीक्षेला बसणार? ऑनर्सचं नाव कोणी काढत नाही.

2020 च्या शिक्षण धोरणाने पदवी चार वर्षांची केली. पण एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. याला ‘एक्झिट’ म्हणतात. आमच्या लेखी ही गळतीच आहे, फक्त तिच्या हातात आता कागद दिलाय. तो घेऊन बाहेर पडणारी पोरं कोणाच्या घरची असणार, हे सांगायला आयोग नेमायला नको.

म्हणून आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, ऑनर्सवर बहिष्कार टाका. आम्हाला हे पटत नाही. धोरणाशी भांडण आहेच, पण ते आत बसूनही करता येतं. चार वर्षं पूर्ण केली की एम.ए. एका वर्षात होतं. 75 टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, त्यात अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना 5 टक्के सवलत आहे. आपण त्या खोलीत नसू, तर आपल्यावरचे प्रबंध दुसरेच लिहीत राहतील. आजवर तेच झालं.

बाबासाहेबांनी 1924 साली मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेलं लेखी निवेदन काढून वाचा. पदवीचं आणि पदव्युत्तर शिक्षण वेगळं पाडलं तर अध्यापन आणि संशोधनाची फारकत होईल, असं त्यांनी त्यात बजावलं होतं.

अडचण खरी आहे ती पैशाची आणि गावाची. संशोधनासह ऑनर्ससाठी विभागात पीएच.डी.चे किमान दोन मार्गदर्शक लागतात. तालुक्याच्या कॉलेजात ते कुठून येणार? म्हणजे मोठ्या विद्यापीठात जायचं, खोली घ्यायची, आईच्या मजुरीवर आणखी एक वर्ष काढायचं. हे आम्ही वरून उपदेश म्हणून सांगत नाही.

म्हणून पाचव्या सत्रातच कॉलेजला लेखी विचारा : चौथ्या वर्षाला शिष्यवृत्ती चालू राहील का? वसतिगृहाची जागा टिकेल का? संशोधनासाठी सहा सत्रांत 75 टक्के मागता, त्यात सवलत किती? उत्तरावर सही-शिक्का घ्या. उत्तर आलं नाही तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे चला, आम्ही सोबत येतो.