चौपाटी सगळ्यांची, मग आमची का नाही?

आमच्या चिखलोलीच्या बायकांच्या गटात आम्ही चौदाजणी आहोत. कुणी एमआयडीसीत पॅकिंगला जाते, कुणी चार घरची धुणीभांडी करते, दोघी अंगणवाडीत आहेत, मी शिवणकाम करते. गेल्या हिवाळ्यात बैठकीत सहलीचा विषय निघाला. 'समुद्र बघू या,' एक मावशी म्हणाल्या. विचारपूस केली तर कळलं, चौदापैकी पाचजणींनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला होता. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं आमचं गाव. लोकलनं निघालं तर समुद्र काही तासांवर. त्यांच्या नवऱ्यांनी मात्र तो कितीदा तरी पाहिलेला. मित्रांबरोबर, कारखान्यातल्या दोस्तांबरोबर, थर्टी फर्स्टला. त्यांना कुणी 'कशाला?' असं विचारलं नव्हतं.

कुठल्या चौपाटीवर जायचं, हे ठरवायला आम्ही बसलो. मुंबईच्या पश्चिमेला मालाडच्या बाजूला मढ आहे. नाव मढ आयलंड, पण रस्त्यानं जोडलेलं, म्हणजे नावापुरतंच बेट. मालाड स्टेशनहून मढला जाणारी बेस्टची २७१ नंबरची बस. मार्वे, आक्सा, एरंगळ आणि शेवटी मढ, असे किनारे त्या भागात आहेत. मार्वेला खाडी ओलांडली की पलीकडे मनोरी, पुढे गोराई आणि उत्तन. मुंबईचे लोक शनिवार-रविवार इथं हॉटेलं नि बंगले घेऊन राहतात. आम्हाला राहायचं नव्हतं. किनारा सार्वजनिक आहे, तिथं सकाळी जायचं, भाकरी खायची, पाण्यात पाय बुडवायचे आणि संध्याकाळी परतायचं. एवढंच.

प्रत्येकीनं घरी विचारलं आणि पुढच्या बैठकीला उत्तरं घेऊन आली. आक्सा नको, तिथं माणसं बुडतात. मढ नको, तिथली हॉटेलं बदनाम आहेत. एरंगळ नको, तिथं सामसूम असते. मनोरी-गोराई नको, होडीतून जावं लागतं आणि परतायला अंधार होतो. झालं! सात किनारे, सात कारणं. प्रत्येक कारण एकेकटं घेतलं तर पटण्यासारखं. सगळी एकत्र ठेवली की मात्र त्यांचा अर्थ एकच निघतो: घरी बसा.

एका मैत्रिणीचा नवरा म्हणाला, 'एवढीच हौस आहे तर आपल्या धरणावर जा की.' चिखलोलीचं धरण आम्हाला काय सांगता! पावसाळ्यात धरणांवर नि धबधब्यांवर बंदीचे हुकूम निघतात. इतर दिवसांत काठावर बाटल्या घेऊन बसलेल्या पोरांची टोळकी असतात. तिथं बाई एकटी दिसली तर प्रश्न तिलाच विचारतात.

मग आम्ही ठरवलं की चौपाटी आम्हीच निवडायची, आमच्या कसोट्या लावून. पहिली कसोटी कुणी सुचवली असेल? वाळू नाही, सूर्यास्त नाही. 'तिथं संडास आहे का?' सगळ्याजणी हसल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या. कारण लांबच्या प्रवासाला निघताना सकाळपासून पाणी न पिणं हे आमच्यापैकी प्रत्येकीला माहीत आहे. लघवी तुंबवून होणारी जळजळही माहीत आहे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाची मोहीम बायकांनी चालवली. सार्वजनिक मुताऱ्यांत पुरुषांना फुकट आणि बाईकडून मात्र पैसे, हा अन्याय त्यांनी वेशीवर टांगला. तेव्हा अनेकांनी नावावरून टिंगल केली. टिंगल करणाऱ्यांना कधी पाणी न पिता दिवस काढावा लागला नसणार.

दुसरी कसोटी भरती-ओहोटीची. इथं आमचं कालनिर्णय कामाला आलं. कोळी लोकांचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठच्या सुमारास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, दोन-सव्वादोनला, पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर उपासासाठी टांगलेलं कॅलेंडर समुद्राचंही वेळापत्रक असतं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. रविवारी येणारी एकादशी आम्ही धरली. दुपारी पाणी खाली गेलेलं असेल आणि मग हळूहळू चढेल.

तिसरी कसोटी जीवरक्षकांची. मुंबई पालिकेचे जीवरक्षक सहा चौपाट्यांवर असतात: गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई. आमच्या यादीतल्या सातांपैकी दोनच त्यांत आहेत. म्हणजे ज्या आक्साचं नाव काढताच घरची माणसं दचकली, तिथंच पाण्यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी आहे. आक्साचा समुद्र खोटा नाही. तिथं वाळू सरकते, खड्डे पडतात, पाण्याचा ओढा अचानक आत खेचतो. पण बुडणाऱ्यांच्या बातम्या नीट वाचा. त्या बहुतेक तरुण मुलग्यांच्या असतात. जुलै २०२३ मध्ये मार्वेला पाच मुलगे पाण्यात ओढले गेले, त्यांतले तिघे गेले. आईचं काळीज कोणत्या मुलासाठी तुटत नाही? पण बुडतात मुलगे आणि घरात कोंडल्या जातात मुली, हा कुठला न्याय? धोका समुद्राचा असेल तर पोहायला शिकवा, फलक लावा, जीवरक्षक वाढवा. मुलीला कोंडून समुद्र शांत होत नाही.

आम्ही आक्साला गेलो, आणि परतताना एरंगळलाही उतरलो. चौदाजणी ठरल्या होत्या, गेलो नऊजणी. ज्या पाचजणींनी समुद्र पाहिला नव्हता, त्यांतल्या दोघींना ऐनवेळी घरून परवानगी मिळाली नाही. समुद्र सुचवणाऱ्या मावशी त्या दोघींतल्याच एक. हे लिहितानाही माझा हात थांबतो.

जे पाहिलं ते सांगते. पाण्याच्या कडेला पुरुष आणि मुलगे उघड्या अंगानं धावत होते. बायका वाळूवर चपला, पिशव्या नि मोबाइल सांभाळत बसल्या होत्या. आम्ही गुडघाभर पाण्यात गेलो तर पाचवारी साडी भिजून दगडासारखी जड झाली. पायात गुंडाळलेली ओली साडी घेऊन लाटेपुढे उभं राहणं किती धोक्याचं आहे, ते तेव्हा कळलं. कासोटा घातलेल्या कोळणीचं लुगडं असं अडकत नाही. तिथं मासळी घेऊन बसलेल्या एका कोळीण मावशींनी आम्हाला हाक मारून सांगितलं, 'पानी उतरतंय तवर लांब ऱ्हावा. दोन वाजल्यावर जावा.' त्या एका वाक्यात आमची जेवढी काळजी होती, तेवढी घरच्या सगळ्या मनाईंत नव्हती. मनाई करणारा तुम्हाला अडाणी ठेवतो. काळजी करणारी तुम्हाला वेळ सांगते.

कपडे बदलायला आडोसा नव्हता. दोनपैकी एका ठिकाणी संडास सापडला, त्याला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी ओढण्या धरून आम्ही एकमेकींचा आडोसा झालो. पुढं एका हॉटेलच्या कुंपणाजवळ वाळूत बसलो तर पहारेकरी आला. 'इथं बसू नका, गेस्टना त्रास होतो.' आम्ही उठलो. उठायला नको होतं.

कारण ती वाळू हॉटेलची नव्हती. १९९१ साली केंद्र सरकारनं किनारपट्टीच्या नियमनाची अधिसूचना काढली. किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी तिच्यात ज्या अटी होत्या, त्यांत दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना समुद्राकडे जायला किमान २० मीटरची मोकळी जागा सोडण्याची अट होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं कमलनाथ खटल्यात सांगितलं की समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा, जंगल ही सरकारची खाजगी मालमत्ता नाही. जनतेच्या वतीनं सरकार त्यांचं केवळ विश्वस्त आहे. जनतेत आम्ही येतो की नाही?

याच भागातली आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ आणि आक्साच्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि चाळीसच्या आसपास जोडप्यांना धरलं. सज्ञान स्त्री-पुरुष, स्वतःच्या मर्जीनं, बंद खोलीत. त्यांच्यावर कलम लावलं ते सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं! काहींना घरी फोन करायला लावल्याच्या बातम्या आल्या. मुलीच्या घरी असा फोन जाणं म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको. आता गंमत पाहा. बाई खोलीत असली की ती बंद खोली सार्वजनिक ठरते. बाई उघड्या वाळूवर बसली की ती वाळू खाजगी ठरते. जागा कुठलीही असो, बाईनं तिथं नसावं हाच खरा नियम आहे.

'बाहेरचं जग वाईट आहे' हे पालुपद आमच्याकडे ऑगस्ट २०२४ नंतर फार वाढलं. बदलापुरात दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, लोक रुळांवर उतरले. आमच्यातल्याही काही होत्या. पण तो अत्याचार कुठं झाला? चौपाटीवर नाही, अंधाऱ्या रस्त्यावर नाही. शाळेत झाला, जिथं आपण लेकरांना विश्वासानं सोडतो. त्यानंतर घरोघरी मोठ्या मुलींचे क्लास बंद झाले, सहली बंद झाल्या. गुन्हा चार भिंतींच्या आत घडला आणि शिक्षा म्हणून मुलींना पुन्हा चार भिंतींतच घातलं.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न सोडून चौपाटीचं काय घेऊन बसलात? मीही आधी असंच म्हणाले होते. पण महाडचं तळं आठवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ सालीच केला होता. तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला १९२७ साली बाबासाहेबांना हजारोंसह चालत जावं लागलं, आणि त्यासाठी लोकांनी मारही खाल्ला. तो अपमान आणि आमची अडचण यांची बरोबरी मी करत नाही. पण धडा तोच आहे: कागदावर सार्वजनिक असलेली जागा, माणसं तिथं जाऊन उभी राहिली तरच सार्वजनिक होते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात हेच मांडलं आहे. बाईला कामाशिवाय, कारण न सांगता शहरात रेंगाळता आलं पाहिजे. देवदर्शन, बाजार, दवाखाना अशी सबब नसताना.

आमचंही चुकलंच. त्या दोघींच्या घरी आम्ही सगळ्याजणी मिळून गेलो असतो, तर कदाचित त्या आल्या असत्या. आपण 'सुरक्षित चौपाटी कुठली?' एवढंच विचारत बसलो. विचारायला हवं होतं की प्रत्येक चौपाटी आमच्यासाठी धड का नाही? दिवसभर उघडे आणि बायकांसाठी फुकट संडास, कपडे बदलायला आडोसा, सगळ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक, मराठीत भरती-ओहोटीचे फलक, रात्री उशिरापर्यंत बस, आणि कुंपणांमधून समुद्राकडे जाणारी मोकळी वाट. या मागण्या मासळी विकणाऱ्या कोळणींच्याही आहेत. आपण एक दिवस अडचण सोसतो, त्यांचा तर तो रोजचा कामाचा ठिकाणा आहे.

पुढच्या एकादशीच्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी आधी त्या दोघींच्या घरी जाऊ. आणि कुंपणाजवळ कुणी उठ म्हणालं, तर उठणार नाही. तुमच्या गावाजवळचा समुद्र, नदीचा घाट, धरणाचा काठ कुणाच्या ताब्यात आहे? जाऊन बसा, आणि काय झालं ते लिहून कळवा.