पुणेकर नेमके किती? पाण्याचा हिशेब अडतो तो इथेच!

पुण्यात माणशी किती पाणी मिळते? गणित सोपे आहे: रोजचे पाणी भागिले लोकसंख्या. घोडे अडते ते लोकसंख्येवर. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची कोरोनामुळे लांबली. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या महापालिका निवडणुकीची प्रभागरचनाही २०११ च्याच आकड्यांवर झाली. समाविष्ट गावे धरून ही लोकसंख्या सुमारे ३४.८१ लाख होते.

आकडा जुना असला तर काय बिघडते?

शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हा निकष धरला, तर ३४.८१ लाख लोकांना रोज सुमारे ४७ कोटी लिटर पाणी लागते. समजा, प्रत्यक्षात लोक १० लाखांनी जास्त आहेत. मग तेच पाणी माणशी १०५ लिटरवर येते. कागदावर निकष पूर्ण, नळाला मात्र पाणी कमी. पाण्याच्या कोट्यावरून महापालिका आणि जलसंपदा विभागात होणाऱ्या वादातही लोकसंख्या किती धरायची, हा मुद्दा वारंवार येतो.

सरासरीत काय लपते?

२०१७ मध्ये ११, तर २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर वगळली गेली. वाघोलीसारख्या भागांत आजही अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून आहेत. पेठांमधला नळ आणि वाघोलीतला टँकर एकाच सरासरीत घातले, की टंचाई दिसेनाशी होते.

मग उपाय काय?

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर थांबायची गरज नाही. समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ झोन केले असून नळजोडांना मीटर बसवले जात आहेत. हे मीटर फक्त बिलापुरते नकोत. प्रत्येक झोनला किती पाणी गेले, किती घरांपर्यंत पोहोचले आणि टँकरच्या किती फेऱ्या झाल्या, हे महापालिकेने दर महिन्याला जाहीर करावे.

पण नुसते आकडे जाहीर करून भागणार नाही. एखादा झोन सलग तीन महिने निकषाखाली राहिला, तर त्याचे कारण आणि दुरुस्तीची तारीख संबंधित अधिकाऱ्याने लेखी द्यायला हवी. तसे झाले, तर टँकरचे पैसे भरणाऱ्या सोसायटीला आपले पाणी कुठे अडले, हे तरी विचारता येईल.