शाळेची सहल कोठें न्यावी?

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत ज्वालामुखींचा पाठ चालू असतां फूजी पर्वताचें चित्र निघालें. ३,७७६ मीटर उंच, माथ्यावर बर्फ, आणि १७०७ सालच्या उद्रेकानंतर आजवर शांत असलेला तो पर्वत पाहून एका मुलीनें विचारलें, "सर, असें कांहीं पाहायचें तर जपानलाच जावें लागतें ना?" प्रश्न साधा होता, परंतु त्यामागील सुस्कारा मला ऐकूं आला. जिच्या घरीं नाशिकच्या एस.टी.च्या भाड्याचाही विचार करावा लागतो, तिला जपान म्हणजे चंद्रच. त्या वेळीं मीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. तें येथें पुरें करीत आहें.

जपानला जाणारे प्रवासी देवळें, किल्ले, ज्वालामुखी आणि ऊन पाण्याचे झरे पाहावयास जातात. या चारही गोष्टी आपल्याकडे आहेत, आणि त्यांपैकीं तिघींचें मूळ एकच आहे.

ज्वालामुखी म्हटला कीं शंकूसारखा डोंगर डोळ्यांपुढें येतो. तसा डोंगर येथें नाहीं. येथें सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून तप्त शिलारस वाहिला. थरावर थर सांचले. आज उरलेला त्यांचा विस्तारच सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर आहे. थराचा गाभा कठीण व माथा ठिसूळ, म्हणून झिजतां झिजतां डोंगरांना पायऱ्या पडल्या. या खडकाचें 'ट्रॅप' हें नांव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलेलें आहे. सावळघाट चढतांना खिडकीबाहेर पाहावें. आपण त्या शिलारसावरूनच जात असतों. ओढ्यांत सांपडणारी पांढरी गारगोटी मुलें खिशांत घालतात. शिलारसांतील वायूच्या बुडबुड्यांनीं जी पोकळी राहिली, तिच्यांत मागाहून स्फटिक तयार झाले. या खनिजांचें एक संग्रहालय सिन्नरला आहे. पेठच्या किती मुलांनीं तें पाहिलें आहे?

आतां किल्ला. जपानांतील हिमेजीचा किल्ला, ज्याचा मुख्य बुरूज १६०९ सालीं पुरा झाला, तो दगडी पायावर लांकडानें व पांढऱ्या चुन्यानें उभारलेला आहे. आमचा किल्ला उभारावा लागत नव्हता. डोंगर स्वतःच किल्ला होता. सपाट माथा, भोंवतीं सरळ तुटलेला कडा, आणि कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं. पेठहून नाशिकला जातांना आशेवाडीजवळ रामशेज दिसतो. १६८२ सालीं मोगलांनीं त्यास वेढा घातला, आणि तो बुटका दिसणारा डोंगर कित्येक वर्षें हातीं लागला नाहीं. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मराठ्यांनीं लांकूड पोखरून, वर कातडें चढवून तोफा केल्या, असें मोगलांचाच इतिहासकार खाफीखान लिहितो. आमचीं मुलें त्या रस्त्यानें शेंकडों वेळां जातात. गडावर मात्र फारच थोडीं गेलेलीं आहेत.

देवळांविषयीं थोडें अधिक लिहिणें भाग आहे. मिशनच्या शाळेनें सहल देवळांत कां न्यावी, असें कांहीं ख्रिस्ती पालक विचारतात. आणि ख्रिस्ती शिक्षक देऊळ काय दाखविणार, असें इतर कांहीं पालकांच्या मनांत येतें. दोघांनाही माझें उत्तर एकच आहे. सिन्नरचें गोंदेश्वर यादवकालीन आहे. मधें मोठें मंदिर, चार कोपऱ्यांस चार लहान, आणि सारें त्याच काळ्या दगडाचें. जपानांत ईसे येथील देवस्थान लांकडाचें असल्यामुळें दर वीस वर्षांनीं नव्यानें बांधतात; मागील वेळीं तें २०१३ सालीं बांधलें. आमच्या कारागिरांनीं कठीण दगड घेतला व कामास शतकें दिलीं. तें काम पाहतांना कोणाच्या श्रद्धेला धक्का लागण्याचें कारण नाहीं. पादत्राणें बाहेर काढावीं, आवाज खालीं आणावा. ज्याला हात जोडावयाचे त्यानें जोडावे, ज्याला नुसतें पाहावयाचें त्यानें पाहावें. मी स्वतः तेथें नेहमीं असाच उभा राहिलों आहें.

ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठीं मात्र घाट उतरून ठाणें जिल्ह्यांत, तानसा नदीकांठीं वज्रेश्वरी–गणेशपुरीस जावें लागेल. तेथें खालीं ज्वालामुखी धुमसत आहे, असें मुलांना वाटतें, तसें नाहीं. पावसाचें पाणी भेगांतून खोल उतरतें, तेथील उष्णतेनें तापतें व वर येतें. तें पुढच्या वर्षीं पाहूं.

एक कबुली द्यावयाची आहे. दोन वर्षांपूर्वीं मीं नेलेल्या सहलींत दोन दिवसांत नऊ ठिकाणें उरकलीं. परतल्यावर निबंध लिहविले, तर बहुतेक वह्यांत बस किती वाजतां सुटली आणि न्याहारीला काय होतें एवढेंच! दोष मुलांचा नव्हता. ज्या मुलांना पैशांअभावीं घरीं राहावें लागलें, त्यांचें फारसें कांहीं बुडालें नाहीं, हें आठवून मला अधिकच लाज वाटते.

म्हणून यंदा एकच दिवस व दोनच ठिकाणें असावींत, अशी माझी सूचना आहे: सकाळीं रामशेज, दुपारीं सिन्नर. खर्च बसच्या भाड्याचा, तो शक्य तितका कमी ठेवूं. पालकांनीं भाकरी बांधून द्यावी, आणि शेतीच्या कामांतून सवड झाली तर स्वतःही यावें. गाडींत जागा करतां येईल.