दुसऱ्या कल्पातला स्पॉक

आमच्या घरात 'स्टार ट्रेक'वरून दोन तट आहेत. धाकट्या दिरांचा तट म्हणतो, २००९ साली जे. जे. अब्राम्सने काढलेला चित्रपट म्हणजे निव्वळ पळवाट. चाळीस वर्षांचा इतिहास गुंडाळून ठेवायचा होता, तो उघडपणे गुंडाळायची हिंमत नव्हती, म्हणून म्हणे 'पर्यायी कालरेषा'! दुसऱ्या तटात माझा नातू, आणि त्याच्या बरोबर मी. आता सत्तरी उलटलेल्या मास्तरीणबाईंना या अंतराळातल्या भानगडी कशाला हव्यात, असं कुणी म्हणेल. पण ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं तेव्हा घरातली सगळी कामं उरकून टीव्हीपुढे बसणाऱ्यांत मीही होते. तो टोकदार कानांचा स्पॉक तेव्हापासून घरचाच झालाय. तेव्हा बोलायचा थोडा हक्क आहे असं मी धरून चालते.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जीन रॉडेनबेरीची मूळ मालिका १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षं चालली, भाग ७९. पुढे तिला पालव्या फुटत गेल्या. २००५ पर्यंत सगळ्या मालिका मिळून सातशेच्या वर भाग आणि दहा चित्रपट झाले. एवढं मोठं खटलं झालं की त्यात नवीन काही घालणं अवघड होतं. कर्क कुठे जन्मला, स्पॉक कधी मेला आणि कसा परत आला, सगळं आधीच लिहून ठेवलेलं. तरुण कर्कची गोष्ट सांगायची म्हटली तर प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून माहीत की याला काही होत नाही, हा पुढे म्हातारा होणार आहे. मग छातीत धडधड व्हायची कशी? २००१ साली सुरू झालेल्या 'एंटरप्राइज' या मालिकेने पूर्वीचा काळ दाखवायचा प्रयत्न केला, ती २००५ मध्ये बंद पडली. २००२ चा 'नेमेसिस' चित्रपटही आपटला होता.

यातून सुटायचे मार्ग दोनच. एक म्हणजे सरळ पाटी पुसायची. जेम्स बाँडने २००६ साली तेच केलं. नवा नट, नवी सुरुवात, आणि आधीच्या वीस चित्रपटांचं काय झालं हे कुणी विचारायचं नाही. दुसरा मार्ग अब्राम्सच्या लेखकांनी, रॉबर्टो ऑर्सी आणि अ‍ॅलेक्स कर्ट्झमन यांनी काढला. २३८७ साली एक तारा फुटतो आणि रोम्युलस हा ग्रह नष्ट होतो. म्हातारा स्पॉक तो वाचवायला निघालेला असतो, पण त्याला उशीर होतो. सूडाने पेटलेला नीरो आपल्या जहाजासकट कृष्णविवरातून मागे फेकला जातो, तो थेट २२३३ मध्ये. तिथे तो 'केल्विन' हे जहाज फोडतो, कर्कचे वडील मरतात, आणि त्याच घटकेला कर्क जन्मतो. इथून वाट फुटली! यापुढे जे घडेल ते नवीन. आणि जुनं? ते त्याच्या जागी तसंच आहे, तुमच्या सातशे भागांसकट.

आता खरं सांगू का, ही युक्ती काही अमेरिकेत पहिल्यांदा निघालेली नाही. लहानपणी कीर्तनाला गेलेल्या कुणालाही 'कल्पभेद' हा शब्द ठाऊक असेल. एका पुराणात कथा अशी, दुसऱ्यात तशी, मग खरी कोणती? बुवा शांतपणे सांगायचे, दोन्ही खऱ्या, ही एका कल्पातली, ती दुसऱ्या कल्पातली. मला विशेष आवडतो तो अध्यात्म रामायणातला प्रसंग. राम सीतेला वनात न्यायला तयार नाही. तेव्हा ती म्हणते की इतकी रामायणं सांगितली गेली, त्यातल्या एकात तरी सीतेवाचून राम वनात गेलाय का? म्हणजे कल्प बदलला तरी काही गोष्टी बदलत नाहीत अशी तिची खात्री. २००९ च्या चित्रपटाचा सगळा डोलारा याच खात्रीवर उभा आहे. कर्क बापाविना वाढला, उडाणटप्पू निघाला, स्पॉकशी त्याचं भांडण झालं, तरी शेवटी दोघं त्याच जहाजावर येऊन उभे राहतात.

विज्ञानाच्या अंगाने बघायचं तर आपल्याकडे जयंत नारळीकरांनी हे फार पूर्वी करून ठेवलंय. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा मी 'गंगाधरपंतांचे पानिपत' पुन्हा वाचलं. त्यात विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते, आणि मराठे पानिपत जिंकतात. त्या जगातल्या मुंबईत आपले इतिहासाचे प्राध्यापक जाऊन पोचतात. नारळीकरांनी त्यासाठी पुंजभौतिकीचा आधार घेतला, आणि स्टार ट्रेकच्या लेखकांनीही तोच घेतला. मी इतिहास शिकवायची. पानिपतचा धडा आला की दरवर्षी कुणीतरी पोर उठून विचारायचं, "बाई, विश्वासराव मेले नसते तर?" त्याला गप्प बसवणं मला कधी जमलं नाही. जरतरचा प्रश्न विचारला म्हणजेच कळतं की त्या एका गोळीवर किती काय अवलंबून होतं. मात्र एक आहे. गंगाधरपंत परत येतात तेव्हा या जगातलं पानिपत हरलेलंच असतं. १४ जानेवारी १७६१ ला जे गेले ते गेले.

आणि माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. जे गेलं ते गेलेलं राहतं का?

मूळ मालिकेत १९६७ चा एक भाग आहे, 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर'. डॉक्टर मॅकॉय भूतकाळात जाऊन एका बाईला अपघातातून वाचवतो. तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरते, आणि जर्मनी युद्ध जिंकते. वर आकाशात असलेलं जहाजसुद्धा नाहीसं होतं! तेव्हा कर्कला पुन्हा मागे जाऊन, जिच्यावर त्याचं प्रेम बसलंय तिला डोळ्यांदेखत मरू द्यावं लागतं. तिथे काळाची दोरी एकच आहे, गाठ पडली तर आपणच सोडवायची.

२००९ मध्ये नियम बदलला. दोरीला दुसरा पदर फुटला, त्यामुळे सोडवायला गाठच नाही. नीरो व्हल्कन ग्रह नष्ट करतो. अब्जावधी माणसं जातात, स्पॉकची आई जाते, उरतात जेमतेम दहा हजार. जुन्या सवयीने मी शेवटपर्यंत वाट बघत होते की आता कुणीतरी मागे जाईल आणि हे दुरुस्त करील. कुणी जात नाही. व्हल्कन गेला तो गेलाच. लेखकांच्या धिटाईला मी इथे मान देते. दिरांना मी हेच सांगते, की पळवाट काढणारा माणूस एवढी किंमत देत नाही.

बाकी त्या चित्रपटात मास्तरणीला खटकण्यासारखं पुष्कळ आहे. परीक्षेत लबाडी केली म्हणून ज्याची चौकशी चालू आहे असा विद्यार्थी दोन-चार दिवसांत थेट कप्तान! आमच्या शाळेत त्याला वर्गाचा मॉनिटरसुद्धा केला नसता. आणि तो नीरो. रोम्युलस नष्ट व्हायला अजून सव्वाशे वर्षं आहेत, जाऊन आपल्या लोकांना सावध कर ना बाबा! पण सूडापुढे अक्कल चालत नाही म्हणतात.

खरा घोळ केला तो २०१३ च्या 'इन्टू डार्कनेस'ने. मोकळं रान मिळालेलं असताना ही मंडळी पुन्हा जुन्याच खानाकडे गेली. १९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान'मध्ये स्पॉक काचेपलीकडे मरतो, कर्क बघत राहतो. इथे उलट, कर्क मरतो आणि स्पॉक बघतो. थोड्याच वेळात खानाचं रक्त टोचून कर्क जिवंत! जुना स्पॉकही परत आला होता, हे कबूल. पण त्यासाठी १९८४ साली एक अख्खा चित्रपट खर्ची पडला, कर्कचा मुलगा गेला, जहाज गेलं. इथे काय गेलं? शिवाय खान कसा आहे हे विचारायला तरुण स्पॉक थेट म्हाताऱ्या स्पॉकलाच गाठतो. म्हणजे मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका उत्तरांसकट मागवायची, असाच प्रकार. नवा कल्प घेतलात ना, मग नवीन गोष्ट सांगा की.

पुढची गंमत बघा. २०१६ च्या 'बियाँड'नंतर या नव्या फांदीवर चौथा चित्रपट आलेला नाही. आणि जे जुनं झाड जपून बाजूला ठेवलं होतं त्यालाच पुन्हा पालवी फुटली. २०१७ पासूनच्या मालिका जुन्या कालरेषेवर आल्या. २०२० च्या 'पिकार्ड'मध्ये तर रोम्युलसच्या निर्वासितांचं पुढे काय झालं ते दिसतं. म्हणजे वाट फुटण्यासाठी जो तारा फोडला, त्याची झळ जुन्या जगालाही लागली. ते तसंच्या तसं राहिलं नाही, आणि ते मला बरं वाटतं. बरणीत घालून ठेवलेल्या लोणच्यालासुद्धा वर्षभरात वेगळी चव येते.

लेनर्ड निमॉय २०१५ च्या फेब्रुवारीत गेला. 'बियाँड'मध्ये तरुण स्पॉकला म्हाताऱ्या स्पॉकच्या मृत्यूची बातमी कळते, आणि त्याच्या वस्तूंमध्ये एक फोटो सापडतो. जुनी सगळी मंडळी, वय झालेली, एकत्र उभी. बघणाऱ्याच्या जगात ही माणसं अशी कधी उभी राहिलेली नाहीत, राहतीलच असंही नाही. तो बराच वेळ बघतो आणि बोलत काहीच नाही. नातवाने तिथे चित्रपट थांबवला आणि फोटोतला एकेक जण कोण ते मला विचारलं. सगळी नावं मी सांगितली.